माळावरच्या शाळेची जागा पाहताना

पुण्याच्या पूर्वेला, पुरंदर-दौंडच्या बाजूस, नव्या शाळांसाठी जमीन घेतली जाते ती बहुधा माळाची असते. ती स्वस्त मिळते, तिच्यावर पीक उभे नसते आणि सातबाऱ्यावर तिचा बराचसा भाग पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून नोंदलेला असतो. अशाच एका पंधरा एकरांच्या जागेची पर्यावरणीय पाहणी करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा संस्थाचालकांचा पहिला प्रश्न होता, "इथे काही प्राणी वगैरे आहेत का?" प्रश्न सरळ असला तरी त्याचे उत्तर त्या पंधरा एकरांत सापडत नाही. लांडग्यांच्या एका कळपाचा वावर शंभराहून अधिक चौरस किलोमीटरमध्ये असतो. तो या जागेत राहत नाही, येथून जातो. म्हणून जागेत काय आहे यापेक्षा ही जागा आजूबाजूच्या माळांना, ओढ्यांना आणि शेतांना कशी जोडते, हे आधी पाहावे लागते. जर्मन भूगोलशास्त्रज्ञ कार्ल ट्रोल यांनी १९३९ मध्ये ज्याला भूदृश्य परिस्थितिकी म्हटले, तिचे काम थोडक्यात हेच आहे.

कायद्याचा धाक येथे फारसा नव्हता. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. २०१४ च्या दुरुस्तीने शाळा-महाविद्यालयांना त्यातून सूट मिळाली, जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेतही ती राहिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मात्र तालुक्याच्या ठिकाणची बहुतेक शाळा त्या मर्यादेच्या आतच बसते, त्यामुळे पाहणी होते ती वास्तुविशारदाच्या किंवा विश्वस्तांच्या इच्छेने.

माळाची पाहणी एकाच ऋतूत उरकणे म्हणजे न पाहण्यासारखेच आहे. मे महिन्यात गेलात तर उघडा मुरूम, जळाल्यासारखे गवत आणि चार बोरी-हिवर दिसतात, आणि कोणीही ही जागा ओसाड म्हणून मोकळा होतो. पण त्याच मुरुमावर उन्हाळ्यात माळटिटवी आणि धाविक अंडी घालतात. माळटिटवीचे घरटे म्हणजे चार खड्यांनी वेढलेला उथळ खळगा. करड्या-तपकिरी ठिपक्यांची अंडी आजूबाजूच्या खड्यांत इतकी मिसळून जातात की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत, आणि जमीन सपाट करणाऱ्या जेसीबीच्या चालकाला तर दिसणे शक्यच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात कुसळी, पवना, मारवेल कमरेला लागतात. थंडीत याच गवतावरून भोवत्या पक्षी खाली उडत टोळ आणि उंदीर शोधतात.

जागेच्या उत्तर कडेला, थोड्या उंचवट्यावर, खोकडाचे बीळ होते. तोंडे एकाहून अधिक, सगळी मोकळ्या बाजूंना, चहूकडे नजर जाईल अशी. तोंडाशी वाळलेल्या विष्ठेत बोरांच्या बिया, भुंग्यांच्या पंखांची चकाकती कवचे आणि टोळांच्या तंगड्या होत्या. लांडग्याचा पुरावा मात्र इतका सरळ नव्हता. ओढ्याच्या वाळूत ठसे होते, पण लांडगा आणि मोठा कुत्रा यांचे ठसे केवळ पाहून खात्रीने वेगळे करता येतात असे जो सांगतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. शेजारच्या पडीत मेंढ्यांचा वाडा टाकून बसलेल्या धनगर मामांना विचारले. "येतो की," ते म्हणाले, "ह्या ओढ्यानंच येतो. औंदा दोन कोकरं नेली." नंतर ओढ्यात लावलेल्या कॅमेऱ्यांनीही तेच दाखवले.

त्यामुळे सगळ्या अहवालाचा कणा तो ओढाच ठरला. वरच्या वनखात्याच्या माळापासून खालच्या शेतांपर्यंत आडोसा देणारी तेवढी एकच पट्टी उरली होती, आणि मूळ आराखड्यात तिच्यावर आडवी, सात फुटी सिमेंटची भिंत होती. इमारत कुठे असावी हा प्रश्न त्या मानाने सोपा: दक्षिणेला रस्त्याकडेच्या जुन्या मुरूमखाणीने आधीच उकरलेला भाग होता, तिथे बांधा. खरी जागा खाते ते मैदान. चारशे मीटरच्या आठ पदरी धावपट्टीला सुमारे चार एकर सपाट जमीन लागते, म्हणजे येथे चौथ्या हिश्श्याहून अधिक माळ, आणि तोही खोकडाच्या बाजूचा. दोनशे मीटरच्या पट्टीवर शाळकरी मुलांचे काही अडत नाही, असे मी लिहिले.

वृक्षारोपणाबद्दल लिहिताना मात्र हात आखडता घ्यावा लागला नाही. जिथे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथे गवताळ माळावर चर खणून गिरिपुष्पाच्या रांगा लावणे ही भरपाई नसून दुसरे नुकसान आहे. झाडांच्या सावलीत ते गवत टिकत नाही आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी ती जागा सोडतात. पण पाच हजार रोपांचा कार्यक्रम वर्तमानपत्रात छापून येतो, राखून ठेवलेल्या गवताचा येत नाही. हे ठाऊक असूनही मी रोपे इमारतीभोवती लावा आणि गवत बी गळून पडल्यावरच कापा, असे सुचवले.

उष्ट्या अन्नाचा मुद्दा लोकांना किरकोळ वाटतो. शाळेचे स्वयंपाकघर सुरू झाले की मागे खरकटे पडते, त्यावर कुत्री जमतात, आणि तीच कुत्री खोकडाच्या मागे लागतात, रोग पसरवतात. पुण्याच्या आसपासच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून सिद्ध झालेले आहे. म्हणून बंद खरकटेघर ही अट मी प्रकाशझोतांवरच्या बंदीच्याही आधी ठेवली.

विश्वस्तांनी इमारतीची जागा बदलली, छोटे मैदान मान्य केले आणि मार्च ते ऑगस्ट या काळात माती हलवायची नाही हेही कंत्राटात घातले. भिंतीवर मात्र ते अडले. पालकांना भिंत हवी, आणि लहान मुलांच्या शाळेत ही मागणी गैर म्हणता येणार नाही. शेवटी भिंत फक्त इमारत आणि मैदानाभोवती, ओढ्यापासून तीस मीटर मागे, आणि जमिनीच्या हद्दीवर खालची तार उंच ठेवलेले कुंपण, असा तोडगा निघाला. वाढीव खर्चाचा हिशेब अजून वास्तुविशारदाच्या टेबलावर आहे.