आधी चप्पल काढायला लावा

परभणी जिल्ह्यातल्या एका गावात माझा छोटा दवाखाना आहे. दोन वर्षांपूर्वी एक काका यायचे, साठीच्या पुढचे, शुगर, बीपी आणि दिवसाला बिडीचं एक बंडल. म्हणायचे, "डाक्टर, जरा चाललं की पोटरीत गोळा येतो बघा." मी कमरेची नस दबली असेल असं धरून चाललो, गोळ्या दिल्या, पट्टा दिला, चार महिने असेच गेले आणि त्या चार महिन्यांत मी त्यांचा पाय एकदाही हातात घेतला नाही. मग एक दिवस अंगठा काळा पडलेला घेऊनच आले. संभाजीनगरला पाठवलं, पाय वाचला पण अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. दुखणं कमरेचं नव्हतंच, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन पायाला रक्त कमी पडत होतं. चूक माझी होती.

तेव्हापासून पन्नाशी उलटलेला शुगरवाला नाहीतर बिडीवाला पेशंट सर्दीसाठी आला तरी मी चप्पल काढायला लावतो. पाय गार आहे का, नडगीवरचे केस गेलेत का, कातडी चकचकीत झालीय का, बोटांच्या बेचक्यात जखम आहे का हे बघतो, आणि पावलाच्या वर आणि आतल्या घोट्यामागं ठोके लागतात का ते चाचपतो. दोन्हीकडं बघायचं, कारण काही लोकांना पावलावरचा ठोका जन्मापासूनच लागत नाही.

पण खरी गोम विचारण्यात आहे. "पाय दुखतात का?" म्हटलं की बरेच जण नाही म्हणतात, कारण चालणंच राहिलं नाही, मळ्यात पोरगा गाडीवर सोडतो, मग दुखणार कधी. म्हणून मी विचारतो, घरापासून मारुतीच्या पारापर्यंत जाताना कुठं थांबावं लागतं का? रक्त कमी पडत असेल तर ठराविक अंतर चाललं की पोटरी भरून येते आणि नुसतं उभं राहिलं तरी दहा मिनिटांच्या आत मोकळी होते. मणक्याचं दुखणं असेल तर उभं राहून भागत नाही, बसावं नाहीतर वाकावं लागतं. एवढंच मी काकांना विचारायला पाहिजे होतं. आणि रात्री पाय खाटेखाली सोडून बसल्यावरच बरं वाटतं असं कोणी म्हणालं तर थांबायचंच नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. शुगरमुळं पाय बधिर झालेल्यांना तर काहीच दुखत नाही, त्यांची मला जास्त भीती वाटते. तिशी-चाळिशीतला बिडी ओढणारा गडी असला तरी पाय बघायचाच, त्यांच्यात बर्जरचा आजार असू शकतो, म्हणजे तंबाखूमुळं हातापायाच्या रक्तवाहिन्या बंद पडत जातात.

आता हातात धरायचा डॉपलर घेतलाय, रक्तवाहिनीतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र; त्यानं घोट्याचंही प्रेशर मोजता येतं. घोट्याचं वरचं प्रेशर भागिले दंडाचं वरचं प्रेशर, बस. दंडात १५० आणि घोट्यात ९६ आलं तर ०.६४. ०.९० किंवा त्याखाली म्हणजे पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय, आणि १.४० च्या वर आलं तरी खूश व्हायचं नाही, शुगर आणि किडनीवाल्यांच्या रक्तवाहिन्या कडक होऊन आकडा खोटा वर जातो.

काका अजून येतात. रक्त पातळ राहायची आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे, जखम भरल्यावर रोज चालायला लावलंय, दुखलं की थांबायचं, थांबलं की परत चालायचं. पारापर्यंत आधी तीनदा थांबायचे, आता एकदाच थांबतात. बिडी मात्र दिवसाला दोन-तीन अजून आहेतच, आणि त्यावरून आमचं दर महिन्याला वाजतं.