गहू बंद, बिअर चालू: पावसाळ्यातली प्रगती

मंडळी, नवीन आलेल्यांसाठी आधी एक खुलासा. मला गव्हाची ॲलर्जी आहे, सिलियाक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतडं बिघडवणारा आजार) नाही. डॉक्टरांनी तपासण्या करून बार्लीला हिरवा कंदील दाखवलाय, म्हणून साधी लागर मला चालते. सिलियाक असलेल्यांनी माझं बघून ग्लास उचलू नये. बार्लीतलं हॉर्डीन हे प्रथिन ग्लूटेनच्याच कुळातलं आहे, आणि 'ग्लूटेनमुक्त' लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत राहावं लागतं.

बाटलीचं काम आता सरावाचं झालंय. साध्या लागरमध्ये बार्लीच्या माल्टसोबत (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) बहुधा तांदूळ नाहीतर मका असतो. विट, व्हाइट, वाइस, हेफवाइझन यातलं काही, म्हणजे गव्हाच्या बिअरचं नाव, लेबलवर दिसलं की बाटली परत फळीवर. बिरा ९१ व्हाइट गव्हाचीच. जर्मन वाइसबिअरमध्ये तर किमान निम्मा माल्ट गव्हाचा असावा लागतो. खरी पंचाईत ठाण्यात घोडबंदर रोडला, स्वतः बिअर बनवणाऱ्या बारमध्ये टॅपसमोर बसल्यावर होते, कारण नळाला लेबल नसतं. गढूळ दिसणाऱ्या 'हेझी' आयपीएमध्ये (इंडिया पेल एल) गहू किंवा ओट बहुतेकदा असतोच, आणि फेस टिकावा म्हणून इतरही बिअरमध्ये मूठभर गहू पडतो. वेटरला विचारून उपयोग नाही. बिअर बनवणारा माणूस आत असेल तर त्यालाच गाठायचं. हे लोक आपल्या माल्टबद्दल बोलायला एका पायावर तयार असतात.

हेफवाइझनची आठवण मात्र जात नव्हती. तिचा तो केळ्याचा नि लवंगेचा वास गव्हाचा नसतो, यीस्टचा असतो. केळं म्हणजे आयसोअमाइल ॲसिटेट, लवंग म्हणजे ४-विनाइल ग्वायकॉल. गहू देतो तो गढूळपणा, तोंडाला जाणवणारा दाटपणा आणि फेस. म्हणजे नुसत्या बार्लीच्या माल्टवर केलेल्या बेल्जियन धाटणीच्या एल बिअरमध्येही हा वास सापडू शकतो. तशी एक सापडली, गहू नसल्याची खात्री करून घेतली, आणि माझी तक्रार निम्मी मिटली. उरलेली निम्मी फेसाची, ती राहू दे.

चखण्याचं सांगतो, कारण बिअर सांभाळून चखण्यात मार खाणारे आपल्यात बरेच आहेत. चिली चिकनला मैद्याचं नाही तर कॉर्नफ्लोअरचं कोटिंग लावलं तरी सोया सॉस असतोच, आणि नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे फोडणीची डाळ, शेव, मसाला शेंगदाणे सगळंच संशयित. मी घरी शुद्ध हिंगाचा खडा ठेवतो, महाग पडतो पण पुरतो खूप. आणि बोंबील! हॉटेलात ते रव्यात घोळवतात, रवा म्हणजे गहूच. चेंदणी कोळीवाड्यातल्या मित्राच्या आईला हे सांगितलं तर मावशी म्हणाल्या, "रवा कशाला लागतोय? आमच्यात तांदळाचंच पीठ." बोंबील उभे चिरून, काटा काढून, पाट्याखाली दाबून पाणी काढलेले. मग हळद, तिखट, कोकमाचं आगळ, वरून तांदळाचं पीठ. कडा अशा चुरचुरीत होतात की रव्याची आठवणही येत नाही. सोबत थंड लागर. यापुढे कुठल्याही बारची माझ्याशी स्पर्धा नाही.

आता माल्टकडे. घरी बिअर आंबवायला आपल्याकडे परवाना लागतो, म्हणून माझं काम माल्टच्या गोड पाण्यावर, वर्टवर, थांबतं. ते उकळून, हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) गोळ्या टाकून, गार करून सोड्यात घालतो. ठाण्याच्या दमट हवेत ते बाहेर ठेवलं तर परवान्याची वाट न बघता आपणहून आंबेल, तेव्हा थेट फ्रिजमध्ये.

ज्वारीची ओढ मला नायजेरियामुळे लागली. त्यांनी १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केली आणि तिथले कारखाने ज्वारी-मक्यावर वळले, गिनेससुद्धा. जांभळी नाक्यावरून खाण्याची ज्वारी आणली. पेरणीचं बियाणं घेऊ नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. मोड झकास आले, कारण बार्लीला थंडावा लागतो तसा ज्वारीला लागत नाही, आपला पावसाळी उकाडा तिला मानवतो. पण मोडाच्या ज्वारीत धुरिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. ती उसळीसारखी खायची नाही, आणि माल्ट वाळल्यावर कोंब-मुळं चोळून, सुपात पाखडून पूर्ण काढायची. घरात लहान मूल आहे, म्हणून मी ज्वारी बाजूला ठेवून नाचणीवर आलो. नाचणीसत्त्व करणाऱ्या आजीला यातलं सगळं आधीच ठाऊक होतं, फक्त हॉप्स सोडून.

नाचणी रात्रभर भिजवली, पंचात बांधून दोन-तीन दिवस मोड आणले. ऊन नव्हतं, म्हणून ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर वाळवली. दळताना भरडच ठेवायची. मग खटपटीचा भाग: या धान्यांचा स्टार्च शिजायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत माल्टची एन्झाइम (स्टार्चची साखर करणारी द्रव्यं) मरतात. म्हणून माल्ट आधी कोमट पाण्यात भिजवतो, वरचं निवळ पाणी काढून ठेवतो (एन्झाइम त्यात), खालच्या गाळाची पेज शिजवतो, ती ६५ अंशांवर आली की निवळ परत ओततो. पांढऱ्या बशीत थेंबभर घेऊन गार होऊ दिला आणि टिंक्चर आयोडीन टाकलं. सुरुवातीला शाईसारखा निळाकाळा. तासाभराने जांभळट. आणखी अर्ध्या तासाने आयोडीन आपल्या तांबूस-पिवळ्या रंगावरच राहिलं, म्हणजे स्टार्च फुटला. भांड्यातल्या पाण्याची चव घेतली तर आंबिलीची चुलत बहीण, पण लख्ख गोड.

अडलं ते गाळण्यात. बार्लीचं टरफल स्वतःच गाळणीचं काम करतं, नाचणीला ते नाही. पंचा बुजून जातो आणि थेंब थेंब पडत राहतो. मुरबाडकडच्या भातगिरणीतून तूस आणलं, तीन पाण्यांनी धुतलं, उकळून घेतलं आणि पेजेत मिसळलं. धार लागली.

पुढच्या खेपेला थोडी नाचणी कढईत खरपूस भाजून मिसळणार आहे, रंगासाठी. कुणी भाजलेल्या नाचणीचं प्रमाण ठरवलं असेल तर सांगा, कडवटपणा हॉप्सवर कुरघोडी करायला नको.