तुळजापूरहून परत पंढरपूर

पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर असा चार दिवसांचा बेत करून डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही भांडुपहून गाडी काढली. अक्कलकोट आणि गाणगापूर झालंच नाही. पंढरपूर मात्र दोनदा झालं. ते दोनदा का करावं लागलं, ते मला लिहून ठेवायचं आहे, कारण चूक माझी होती.

गाडीत आम्ही पाच जण होतो. नवरा, मी, दहावीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि माझी आई. आई शहात्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेले, गळ्यात तुळशीची माळ. बाबाही माळकरी होते. लालबागच्या एका गिरणीत ते साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. लग्नानंतर त्यांनी आईला शब्द दिला होता की एकदा तुला पंढरपूरला नेऊन आणीन. नेऊ नेऊ म्हणता १९८२ उजाडलं, १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि अडीच लाख गिरणी कामगारांच्या घरातलं सगळंच थांबलं. आमच्याही. पुढे बाबांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. रजा मागितली की खाडा, आणि खाडा झाला की पगार कापला. पंढरपूर मागे पडत गेलं.

आषाढीला मात्र दोघं पहाटे उठून लालबागहून वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरापर्यंत चालत जायचे. वडाळ्याला आपण प्रतिपंढरपूर म्हणतो, मुंबईतल्या कितीतरी भागांतून तिथे दिंड्या येतात. आईने आयुष्यभर त्या रांगेत पंढरपूर पाहिलं. बाबा गेले, तेव्हा आता तरी आई जाईल असं वाटलं होतं. पण तोवर माझी मुलं झाली, माझी नोकरी सुरू होती आणि दोन्ही मुलं आईने वाढवली. म्हणजे बाबांच्या वेळी खाड्याने अडवलं आणि नंतर मी.

जाताना एक्स्प्रेसवे आणि पुण्याच्या गर्दीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. भिगवणला उजनीच्या माशांच्या थाळीच्या पाट्या एकामागून एक लागतात. आई बरोबर आहे म्हणून नवऱ्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही, इंदापूरला मिसळीवर भागवलं. पुढे टेंभुर्णीपासून उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या, एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. सोलापूर जिल्ह्यात डिसेंबरात गाडी चालवायची तर अंधार पडायच्या आत पोचावं, एवढं मी कळकळीने सांगते. ट्रॉलीला मागे दिवा नसतो.

पंढरपुरात पोचलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. चौकशी केली तर पदस्पर्श दर्शनाला पाच-सहा तास लागतील म्हणाले. मुखदर्शनाची रांग त्या मानाने छोटी. त्याच रात्रीची तुळजापूरची खोली आधीच घेऊन ठेवली होती, अठराशे रुपये भरलेले, परत मिळणार नव्हते. मी आईला म्हटलं, "आई, मुखदर्शन घेऊया. एवढा वेळ उभं राहायचं म्हणजे तुझ्या गुडघ्यांना त्रास." गुडघ्यांचं कारण खोटं नव्हतं. पण मला वाचवायचे होते अठराशे रुपये, आणि तिचे गुडघे मी पुढे केले.

आई काही बोलली नाही. चाळीस मिनिटांत आम्ही आत होतो. माणसांच्या डोक्यांवरून, लांबून, दिव्यांच्या उजेडात तो सावळा आकार दिसला. मी विचारलं, "दिसला ना?" आई म्हणाली, "दिसला."

पंढरपूर ते तुळजापूर, सोलापूरमार्गे, ती एक अक्षर बोलली नाही. रात्री जेवली नाही. प्रवासाने थकली असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले.

तुळजाभवानी आमची कुलस्वामिनी. सकाळी ओटी भरली. तिथे देवळात जायला पायऱ्या उतराव्या लागतात, त्या आई कठड्याला धरून एकेक करत उतरली आणि चढली, कुरकुर केली नाही. बाहेर आल्यावर चहा घेत बसलो होतो. कपाळभर कुंकू लावलेल्या मुलाने विचारलं, "आजी, तुला कुठला देव जास्त आवडला?" आईने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लांबून तर टीव्हीवरपण दिसतो रे. आषाढीला पहाटे मुख्यमंत्र्यांची पूजा दाखवतात, तेव्हा चांगला जवळून दिसतो. मी बघायला नव्हते आले. पायावर डोकं ठेवायला आले होते."

मला तोंड वर करता येईना.

नवरा उठला, चहाचे पैसे दिले आणि म्हणाला, "आई, बसा गाडीत." कुठे जायचं ते सांगितलं नाही. अक्कलकोट ही या सगळ्या प्रवासातली त्याची एकट्याची इच्छा होती. दर गुरुवारी तो स्वामी समर्थांच्या मठात जातो. सोलापुरात आल्यावर अक्कलकोटकडे न वळता त्याने गाडी पंढरपूरच्या रस्त्याला घातली. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो समोर बघून गाडी चालवत होता. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. त्याच्याबद्दल मला एवढा आदर याआधी क्वचित वाटला असेल.

रात्री पंढरपुरातच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला रांगेत लागलो. थंडी होती. रांग थांबली की आई फरशीवर शाल घालून बसायची, हलली की माझ्या हाताला धरून उठायची. आमच्यापुढे बीडकडचं एक जोडपं होतं, ऊसतोडीला आलेलं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन सहा-सहा महिने फडावर राहतात. ती बाई चाळिशीची असेल, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. आईने विचारलं, "आज काम बंद आहे का गं?" ती म्हणाली, "बंद कुठलं मावशी, खाडा केलाय. मुकादम पैशे कापील. कापू दे."

'खाडा' हा शब्द ऐकला आणि आईचा चेहराच बदलला. "आमच्या गिरणीतपण खाडाच म्हणायचे!" मग ती जी बोलायला लागली ती थांबेना. गिरणीचा भोंगा, तिसरी पाळी, बाबांच्या केसांत अडकलेला कापूस, संपात विकलेली भांडी, गावाहून आलेल्या पोतंभर ज्वारीवर काढलेले दिवस. यातलं निम्मं मी कधी ऐकलेलं नव्हतं. माझी मुलगी मोबाईल खिशात ठेवून आजीजवळ फरशीवर बसली. ती बाई मधेच हुंकार द्यायची, मधेच आपलं सांगायची. आपल्या पदराला बांधलेले शेंगदाणे तिने आईच्या ओंजळीत ओतले.

पुढे मुलीने मला विचारलं की इथे कुणालाही मूर्तीच्या पायाला हात लावू देतात, ते कसं काय? मी तिला आदल्या दिवशी पाहिलेल्या चोखोबांच्या समाधीची आठवण करून दिली, नामदेव पायरीसमोरच्या. चोखोबांना देवळाबाहेरच राहावं लागलं, आणि दलितांसाठी ते दार पुढेही शतकानुशतकं बंद राहिलं. १ मे १९४७ ला साने गुरुजी इथेच, तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, ते १० मे रोजी सुटलं आणि दार सगळ्यांना उघडलं. मला पंढरपूरचं हेच सगळ्यात मोठं वाटतं. बऱ्याच मोठ्या देवळांत गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेरूनच हात जोडायचे असतात. इथे फडावरून आलेल्या बाईने आपलं कपाळ थेट देवाच्या पायांवर टेकायचं. इतकी माणसं टेकतात की पायांची झीज होते आणि मूर्तीला वज्रलेप, म्हणजे झीज थांबवणारा लेप, करावा लागतो. हे सगळं मला शाळेपासून माहीत होतं. तरी मी माझ्या आईला लांबून दाखवून आणलं होतं.

सोळखांबीत आलो तेव्हा साडेनऊ होत आले होते. आईने गरुडखांबाला मिठी मारली. पुढे चौखांबी, मग गाभारा, आणि तिथे बुक्क्याचा, तुळशीचा ओलसर वास. ऊसतोडवाल्या बाईने डोकं टेकवलं आणि ती पुढे सरकली. मग आई. गुडघ्यांमुळे तिला वाकता येत नव्हतं, मी कमरेला धरलं. तिने दोन्ही हातांनी पाय धरले, कपाळ टेकवलं, उचललं आणि पुन्हा टेकवलं. मागून रेटा होता. बाजूला उभ्या सेवेकऱ्याने पुढे सरकवायला हात केला, तेव्हा आई मान न उचलता म्हणाली, "एक ह्यांचं." त्याने हात मागे घेतला. किती, दोन सेकंद असतील. तेवढी त्याने दिली.

मी डोकं टेकवलं तेव्हा काय मागितलं ते आठवत नाही. पायांचा गारवा कपाळाला लागलेला आठवतो.

रुक्मिणीचं दर्शन घेऊन बाहेर आलो. ते जोडपं चंद्रभागेकडे चाललं होतं, दुपारच्या आत फडावर पोचायचं होतं त्यांना. आईने तिच्या हातात शंभराची नोट ठेवायला काढली तर ती घेईना. आई म्हणाली, "खाड्याचे धर." मग तिने घेतली आणि आईच्या पाया पडली.

परतीच्या वाटेवर आई मागच्या सीटवर गाढ झोपली होती, कपाळावर बुक्का तसाच. लोणावळ्याला जाग आली. थोडा वेळ बाहेर बघत बसली, मग म्हणाली, "जावईबापू, तुमचं अक्कलकोट राहिलं."

"राहिलं, आई."

"मग मार्चमध्ये पोरांच्या परीक्षा झाल्या की काढा गाडी. मी येते."