आमची वाटचाल : जशी नवरी, तसा फोटो

नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या जिन्याखालच्या गाळ्यात आमचा स्टुडिओ उभा राहिला तो याशिका मॅट १२४ जी या फिल्म कॅमेऱ्याच्या जोरावर. एका रोलमध्ये १२ फोटो, त्यामुळे बटण दाबण्याआधी प्रकाश बघावाच लागायचा. तिचं लीफ शटर, म्हणजे लेन्समधलंच पाकळ्यांचं शटर, १/५०० सेकंदापर्यंत कुठल्याही स्पीडला फ्लॅशशी जुळायचं. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत साध्या फ्लॅशवर १/२५०च्या पुढे गेलात, की फ्रेमवर काळा पट्टा आलाच. आमचे पहिले भागीदार फ्लॅशची छत्री लावण्यात पक्के. चेहऱ्यापासून ४ फुटांवर, डोळ्यांच्या थोडी वर, ४५ अंशांत. तीच ८ फुटांवर नेली की प्रकाश चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) आणि नाकाची सावली टोचायला लागते. हे त्यांनी शिकवलेली मुलं आज शहरभर धंदा करतात, याचा आम्हाला अभिमान आहे.

डिजिटल आलं, अल्बम बदलले, गाळा मोठा झाला.

मग लॉन्सवाल्यांचं पॅनेल आलं. एका नव्या स्टुडिओने गंगापूर रोडकडच्या लॉन्सशी संधान बांधलं. बाहेरच्या फोटोग्राफरने आत यायचं तर रॉयल्टी भरायची, आणि त्यांचं स्वतःचं पॅकेज आमच्या निम्म्या दरात. आमचे दोन असिस्टंटही तिकडे गेले. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा आमच्या डायरीत कोऱ्या राहिल्या, हप्ते मात्र थांबले नाहीत. ८५ एमएमची लेन्स विकून पगार केले. दर पाडले म्हणून राग होताच, पण खरा राग कामाचा. एक स्टॉप जास्त एक्स्पोजर, वर स्किन स्मूथ, की गव्हाळ असो वा सावळी, प्रत्येक नवरी पीठ फासल्यासारखी. जेपेगमध्ये एकदा उडालेला गाल परत येत नाही.

त्या वर्षी आम्हाला धरून ठेवलं पंचवटीतल्या एका किराणा दुकानदाराच्या घराने. त्यांच्या आजींनी रॉयल्टी स्वतः भरली आणि सांगितलं, "माझ्या पोराचं लग्न तू काढलंस, नातीचंही तूच काढ. आणि तिला गोरी करू नकोस, ती माझ्यावर गेलीय."

लग्न त्याच लॉन्सवर. रिसेप्शनच्या स्टेजवर जांभळे पार लाइट, म्हणजे स्टेजचे रंगीत दिवे, थेट तोंडावर. हा रंग व्हाइट बॅलन्सने, म्हणजे प्रकाशाचा रंग सुधारणाऱ्या सेटिंगने, निघत नाही, कारण त्या प्रकाशात हिरव्या-पिवळ्याचा भाग जवळजवळ नसतोच. नसलेला रंग सॉफ्टवेअर कुठून आणणार? उपाय एकच, त्या प्रकाशाला चेहऱ्यावर येऊच द्यायचं नाही. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फ्रेम घ्यायची. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, एफ (लेन्सचं छिद्र) ४, शटर १/२००. चेहरा जवळजवळ काळा आला पाहिजे. जांभळा दिसला तर आयएसओ आणखी खाली. मग बाजूच्या स्टँडवर सॉफ्टबॉक्समधला फ्लॅश १/४ पॉवरला चालू करायचा आणि चेहरा बघून पॉवर वर-खाली करायची. मागची सजावट हवी असेल तर शटर हळूहळू १/१०० पर्यंत आणा. शटरने आजूबाजूचा प्रकाश बदलतो, फ्लॅशचा तेवढाच राहतो. त्या लग्नातली नात अल्बममध्ये आजींसारखीच सावळी दिसते. त्या घरातली पुढची सगळी कार्यं आमच्याकडेच आली.

कोणी विचारलेलं नाही, तरी नव्या मुलांना सांगतो. अंतरपाट धरलेला असताना ऑटोवर राहू नका. पांढरं कापड वधूच्या चेहऱ्यावर प्रकाश परत फेकतं. "सावधान" होऊन ते खाली गेलं, की चेहऱ्यावरचा प्रकाश एकदम उतरतो, आणि कॅमेरा हिशेब करेपर्यंत हार पडलेला असतो. मॅन्युअलवर ठेवा, कापड नसतानाच्या प्रकाशाला धरून. लाल शालूला एकंदर हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघू नका, तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. लाल चॅनल सगळ्यांत आधी फुटतो आणि जरीचं काम सपाट लाल होऊन बसतं. २/३ स्टॉप खाली घ्या. हळदीला ऑटो व्हाइट बॅलन्स पिवळ्याला दाबायला जातो आणि सावल्या निळ्या पडतात. उन्हात व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनवर बांधून टाका. काळाराम मंदिराबाहेर काळ्या दगडापुढे जोडपं उभं केलंत, तर कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर दगडाला करडा करायला बघतो आणि चेहरे जळतात. तिथे एक स्टॉप उणे.

८५ आम्ही परत घेतली, एफ १.८चीच. विकलेली मिळाली नाही. मंडपात ती एफ २.८पेक्षा जास्त उघडी, म्हणजे २ किंवा १.८ वर, वापरू नका. जवळून काढलेल्या फोटोत नथ फोकसमध्ये राहते आणि डोळे सुटतात.

त्या लॉन्सवर आजही आमच्याकडून रॉयल्टी घेतात. आम्ही ती भरतो आणि बिलात वेगळ्या ओळीत लिहितो, म्हणजे ग्राहकाला कळतं की ते पैसे फोटोचे नाहीत.