पगार सोळा हजार, पण एक्कावन्नाव्या दिवशी

चीनमधल्या शाळेचं नोकरीचं पत्र आलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाने एकच गुणाकार केला, महिन्याचे १६,००० युआन गुणिले दहा. २०१७ साली एक युआन साधारण दहा रुपयांना पडायचा, त्यामुळे गणित सोपं होतं आणि म्हणूनच फसवं. सासूबाईंनी तर नाशिकच्या फ्लॅटचं कर्ज किती महिन्यांत फिटेल तेही बोटांवर मोजून टाकलं. भाड्यासाठी महिना ३,००० युआन वेगळे मिळणार होते. त्या पत्रात एक गोष्ट नव्हती. पहिला पगार हातात येईपर्यंत जगायचं कशावर?

आधी एक खुलासा, कारण ‘इंग्रजी शिकवायला गेली होतीस का?’ हा प्रश्न मला अजून विचारला जातो. मी तिथे इंग्रजी शिकवायला गेले नव्हते. इंग्रजी ज्या देशांची मातृभाषा मानली जाते, तिथल्या नागरिकांनाच चीन सहसा इंग्रजी शिकवण्याचा परवाना देतो, आणि आपला पासपोर्ट त्यात बसत नाही. ‘बिझनेस व्हिसावर या, नंतर बघू’ असं सांगणारे एजंट मलाही भेटले. तसं शिकवणं बेकायदेशीर आहे आणि पकडलं गेल्यावर एजंट फोन उचलत नाही. माझा विषय भौतिकशास्त्र. एम.एस्सी., बी.एड. आणि सात वर्षांचा अनुभव. शांघायजवळच्या सुझोऊ शहरातल्या एका खासगी शाळेच्या आंतरराष्ट्रीय विभागात ए-लेव्हलच्या, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या अकरावी-बारावीच्या, मुलांना शिकवायचं होतं.

कागदपत्रांना चार महिने लागले. पदव्या आधी मुंबईत राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी चिनी दूतावासाकडून साक्षांकित करून घ्यायच्या. पोलिसांचा दाखला वेगळा. खरी अडचण आली ती आपल्या नाव लिहिण्याच्या पद्धतीमुळे. पदवीवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. शाळेच्या ऑफिसातून मेल आली, या दोन वेगवेगळ्या बाई आहेत का? मग विवाह नोंदणीचा दाखलाही त्याच वाटेने तीनही ठिकाणी फिरवून आणला. ज्यांचं लग्नानंतर नाव बदललंय त्यांनी तो पहिल्याच फेरीत पदव्यांबरोबर द्यावा, माझा पाऊण महिना तिथे गेला.

२० ऑगस्ट २०१७ ला पोहोचले. पहिले दहा दिवस शाळेने हॉटेल दिलं होतं. हॉटेलात उतरलं की पोलिसांकडची नोंद हॉटेलच करतं, पण स्वतःच्या घरात गेल्यावर २४ तासांच्या आत आपण पोलीस चौकीत जाऊन नोंदवायचं असतं. मग सरकारी केंद्रात वैद्यकीय तपासणी, रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी, सगळं तासाभरात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकललं जाताना मला गिरणीतल्या पिठाची आठवण झाली. झेड, म्हणजे नोकरीच्या, व्हिसावर आल्यापासून तीस दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. वर्षभरासाठी फी ४०० युआन. त्या कामाला पासपोर्ट जमा झाला तो तीन आठवडे परत आला नाही. हातात एक फोटो लावलेली पावती. त्या पावतीवर बँक खातं उघडेना. खातं नाही म्हणून पगार नाही.

आणि घर तर आत्ताच घ्यायचं होतं.

तिथे भाड्याची रीत चार शब्दांत सांगतात, ‘या यी फू सान’. एक महिन्याचं अनामत, तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. मी शाळेजवळच्या औद्योगिक पार्क भागात, मेट्रोच्या एक नंबर लाइनवर एका बेडरूमचं घर पाहिलं, भाडं ३,२००. म्हणजे १२,८०० एकदम, वर एजंटाचे अर्ध्या महिन्याचे १,६००. एकूण १४,४००. माझ्याकडे दोन हजार डॉलरचं फॉरेक्स कार्ड, म्हणजे जेमतेम तेरा हजार युआन. म्हणजे घराचेच पैसे पुरत नव्हते, आणि मग खायचं काय?

तीन दिवस कुणालाच काही बोलले नाही. नाशिकला फोन करून पैसे मागवणं म्हणजे त्या गुणाकाराचा अपमान. शेवटी गणिताच्या सहकारी मॅडमनी, त्या केरळच्या, मला सरळ विचारलं, “ॲडव्हान्स मागितलास का?” असा काही प्रकार असतो हेच मला माहीत नव्हतं. अर्ज केला, दोन सह्या लागल्या आणि ८,००० युआन रोख मिळाले. तो पुढच्या दोन पगारांतून वळता झाला. इथून कुणी जाणार असेल तर मी एकच आकडा सांगते. भाड्याच्या सहापट रक्कम हाताशी ठेवा, आणि ॲडव्हान्स मिळेल का हे मुलाखतीतच विचारा. विचारायला लाज कसली, तिथले लोक पैशांबद्दल आपल्यापेक्षा कितीतरी मोकळेपणाने बोलतात. घरमालकीणबाईंनी पहिल्या भेटीत माझा पगार, नवऱ्याचा पगार आणि नाशिकच्या फ्लॅटची किंमत या क्रमाने विचारली होती.

पासपोर्ट आल्यावर खातं उघडलं, तर नाव पुन्हा आडवं आलं. पासपोर्टवर पहिल्या रकान्यात आडनाव, दुसऱ्यात दोन शब्द. काउंटरवरच्या मुलीने तिन्ही शब्द मध्ये जागा न सोडता जोडून टाकले. खातं चाललं, पण वीचॅट, म्हणजे निरोप पाठवायचं आणि पैसे द्यायचं चिनी ॲप, ते खातं जोडून घेईना, कारण तिथे मी नाव नीट जागा सोडून लिहीत होते. आणि वीचॅटशिवाय त्या शहरात भाजीसुद्धा अवघड. मेथीसारखी पालेभाजी विकणाऱ्या आजीबाईंच्या टोपलीवरही क्यूआर कोड होता. शंभराची नोट दिली की त्या सुट्ट्यांसाठी शेजारी पळायच्या. बँकेच्या तिसऱ्या फेरीत नाव दुरुस्त झालं आणि १० ऑक्टोबरला, एक्कावन्नाव्या दिवशी, फोन वाजला.

पगाराची चिठ्ठी पाहून मात्र मी ऑफिसात धावले. कर २,५४५! भाड्याचा भत्ता परदेशी कर्मचाऱ्याला करमुक्त असतो, पण त्यासाठी घरमालकाकडून सरकारी पावती, फापियाओ, आणावी लागते. ती नाही म्हणून तीन हजारही पगारात धरले गेले होते. मालकीणबाई पावती द्यायला तयार नव्हत्या, कारण पावती दिली की त्यांना भाड्यावर कर भरावा लागणार. अखेर तो कर मी भरायचा असं ठरलं आणि तरीही मी फायद्यात राहिले, कारण पावती जोडल्यावर माझा कर १,७९५ वर आला. पुढे ऑक्टोबर २०१८ पासून सरकारने कराचे टप्पे बदलले आणि त्याच पगारावर तो ८९० झाला. त्या महिन्यात मी स्वतःला एक चांगली कढई घेतली.

आता खाण्याबद्दल. मी शाकाहारी, अंडं चालतं. ‘बू याओ रौ’, म्हणजे मांस नको, हे पहिलं वाक्य शिकले. त्याचा अर्थ अनेक ठिकाणी ‘मोठे तुकडे नकोत’ असा घेतला जातो. फरसबीच्या भाजीत खिमा असतो, टोफूतही असतो, आणि वाढणाऱ्याच्या लेखी ते मांस नसून चव असते. टोमॅटो-अंडं, बटाट्याचा किस, लसणावर परतलेल्या पालेभाज्या यांच्यावर शाळेच्या कँटीनमधली दुपार निघायची आणि ती फुकट होती, हे हिशेबात फार मोठं. रविवारी शियुआन या बौद्ध मंदिरात जाऊन सात्त्विक नूडल्स खायचे. तिथे ताटात काय आहे हे विचारावं लागत नसे, त्या समाधानाची किंमत वेगळीच.

मंडईत पहिले दोन आठवडे मला सगळंच स्वस्त वाटलं. भाव ‘जिन’मध्ये लावतात आणि एक जिन म्हणजे अर्धा किलो, हे मला उशिरा कळलं. तरीही आलं, लसूण, कोथिंबीर, शेंगदाणे, हिरवे मूग, तांदूळ यांत आपलं निभावतं. महाग पडते ती आठवण. तूरडाळ, पोहे, हिंग, चांगलं पनीर, साखर न घातलेलं दही. ऑनलाइन मागवलेल्या तूरडाळीचा भाव मी घरी कधीच सांगितला नाही. मुगाचं वरण करायला शिकले. कँटीन आणि मंडईवर राहिले तर खाण्याचा खर्च बाराशे युआन, आणि ‘आज आपलं काहीतरी’ असं महिन्यात चारदा झालं की दोन हजारांच्या पुढे.

हिवाळ्याची कल्पना मला कुणी दिली नव्हती. सरकारी हीटिंग उत्तर चीनमध्ये असतं. सुझोऊ यांगत्सेच्या दक्षिणेला, म्हणजे ते नाही. थर्मामीटर शून्याच्या आसपास, पण ओल हाडात शिरते. एसी गरम हवेवर लावून बसायचं आणि पाय गारच. विजेचा दर युनिटला अर्ध्या युआनच्या आसपास, तरी जानेवारीचं बिल २८० आलं. वर्गात मुलं कोट घालून बसायची आणि मीही कोटातच वेग-त्वरण शिकवायचे. जूनमधला पाऊस मात्र ओळखीचा निघाला. कपाटातल्या चपलांवर बुरशी धरली तेव्हा रत्नागिरीच्या मावशीचं घर आठवलं.

घडी बसल्यावर महिन्याला भाडं सोडून तीन हजारांत भागायचं. मेट्रोचं तिकीट दोन युआनपासून, शांघायला बुलेट ट्रेनने अर्धा तास आणि ३९.५ युआन. शिल्लक साधारण अकरा हजार. एकटी होते म्हणून. मूल सोबत आणून ते आंतरराष्ट्रीय शाळेत घालायचं असेल तर फी-माफी करारात लिहून घ्या, नाहीतर यातलं काहीच उरणार नाही. आणि हेही सांगून टाकते. माझ्याच विभागात, माझ्याइतकेच तास घेणाऱ्या ब्रिटिश सहकाऱ्याचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त होता. मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले, पालकांना तसं आवडतं. दुसऱ्या वर्षीचा करार मी त्याच पगारावर केला, पण उन्हाळी सुट्टीचा अर्धा पगार पूर्ण करून घेतला. तेवढं जमलं.

पैसे घरी पाठवायला करार, कर भरल्याचा दाखला, पासपोर्ट आणि वर्क परमिट घेऊन बँकेत बसावं लागायचं, अर्धा दिवस. म्हणून दर तीन महिन्यांनी एकदाच पाठवायचे. इथे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीचं एनआरई खातं उघडलं होतं, ते कामी आलं.

आईला मी जाण्याआधी मोठ्या कष्टाने व्हॉट्सॲप शिकवलं होतं. सप्टेंबरअखेर ते चीनमध्ये बंद पडलं. मग नवऱ्याने सगळ्या कुटुंबाच्या फोनवर वीचॅट घातलं आणि आई रोज रात्री मला चिनी स्टिकर पाठवू लागली. एकात अस्वल ‘उद्या कामावर यायचं नाही’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणत होतं, ते तिने माझ्या वाढदिवसाला पाठवलं.

जुलै २०१९ मध्ये घर सोडलं. मालकीणबाई स्वतः आल्या, भिंती, नळ, गादी सगळं तपासलं. ओट्यामागच्या पांढऱ्या टाइलवर हळदीचे डाग होते. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, हा रंग कसला? मी उरलेली हळदीची पिशवी दाखवली. त्यांनी अनामतीतून १५० युआन कापले आणि पिशवी घेऊन गेल्या.

खातं बंद करायचं राहूनच गेलं. त्यात ६२ युआन आहेत. ज्या सिमवर बँकेचा कोड यायचा ते सिम केव्हाच बंद झालं, त्यामुळे ते काढायचे तर सुझोऊलाच जावं लागेल.