पावणेतीन इंच

गॅरेजच्या भिंतीवर निळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा अजून आहे. त्यावर माझ्या अक्षरात चार आकडे: ४, ३½, ३, २½. चारही खोडलेले. शेवटी टपातून जेवढा पत्रा गेला तो आकडा त्यात नाहीच.

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली एकवीस वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात, पोमोनापासून पंधरा मिनिटांवर राहतो. पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. पण अण्णांचं उद्यमनगरात ट्रकच्या बॉड्या बांधायचं शेड होतं आणि माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिथे पत्रा धरून उभं राहण्यात गेल्या. तेव्हा वैताग यायचा. पोमोनाला दर हिवाळ्यात ग्रँड नॅशनल रोडस्टर शो भरतो, हॉट रॉडचा, म्हणजे कापून-बदलून नव्याने बांधलेल्या जुन्या गाड्यांचा. १९५० साली ओकलंडला सुरू झालेला हा मेळा आता आमच्या दारातच, म्हणून एका रविवारी मुलाला घेऊन सहज गेलो. त्यानंतर आठ महिन्यांनी १९३१ च्या फोर्ड मॉडेल ए कूपेचा, म्हणजे दोन दारांच्या बंद गाडीचा, सांगाडा ट्रेलरवरून आमच्या दारात उतरला. बायको बाहेर येऊन बघत उभी राहिली आणि "अहो, हिला इंजिन कुठाय?" एवढंच म्हणाली.

इंजिन नव्हतं. मडगार्ड नव्हते, टपातलं लाकूड कुजून भुसा झालेलं. पण दारं सरळ होती, आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर कागदावरच्या नंबराशी जुळत होता. जुन्या फोर्डात तेवढं जुळलं की अर्धी लढाई जिंकली.

ज्यांना हॉट रॉड हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. १९२८ ते १९३१ ची मॉडेल ए ही चार सिलिंडरची, ४० अश्वशक्तीची साधी गाडी. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन आणलं: २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. मग इथली पोरं जुनी हलकी फोर्ड मिळेल त्या किमतीला उचलायची, मडगार्ड-बंपर काढून टाकायची, तो व्ही-एट आत बसवायची आणि मोहावी वाळवंटातल्या म्युरॉक नाहीतर एल मिराजच्या कोरड्या तलावावर नेऊन पळवायची. १९३७ मध्ये त्यांची सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली. एल मिराजला त्यांच्या शर्यती आजही होतात. टप कापायची गरज तिथली. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, तेव्हा गाडीचं कपाळ जितकं लहान तितकं बरं. तिथे शर्यती पळवणाऱ्या पिअर्सन बंधूंच्या १९३४ च्या कूपेची पुढची काच तर जवळजवळ झोपलेली आहे. शर्यतीच्या नियमात काचेची किमान उंची ठरलेली होती. ती कमी करता येईना, म्हणून त्यांनी काच मागे झोपवली. ही पळवाट मला मनापासून आवडते.

पण मला कुठे शर्यत पळायची होती? मला गाडी फक्त *दिसायला* हवी होती. घोळ तिथून सुरू झाला, कारण दिसण्याला कसला नियम!

हॉट रॉड बांधणाऱ्या मंडळींची ढोबळ परीक्षा एकच: ही गाडी एखाद्या पोराने १९५२ साली आपल्या गल्लीत बांधली असती का? त्या चौकटीतही कापाकापीचे प्रकार तीन. शिंप्याच्या भाषेत सांगतो. चॉप म्हणजे बाही आखूड करणं: खिडक्यांच्या खांबांतून पट्टी कापायची आणि टप खाली बसवायचा. सेक्शन म्हणजे अंगात घेणं: दाराच्या कमरेतून गाडीभर आडवा पट्टा काढून टाकायचा. चॅनल म्हणजे विजार खाली ओढणं: बॉडीचा तळ कापून ती चासीवर न ठेवता चासीच्या दोन्ही बाजूंनी खाली सोडायची. चॅनलचं वेड अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जास्त. कॅलिफोर्नियाची लाडकी हायबॉय: मडगार्ड नाहीत, पण बॉडी चासीवर आपल्या जागी ताठ. मी कॅलिफोर्नियात राहतो म्हणून नव्हे, पण चॅनल मला पटलं नाही. एका गृहस्थांनी स्वतःच्या चॅनल केलेल्या गाडीत मला प्रेमाने बसवलं. माझी उंची पाच फूट सहा इंच, तरी गुडघे छातीशी आले. पंगतीला मांडी घालून बसलो असतो तर जास्त सुखात असतो.

चॉप करायचा हे नक्की होतं. किती, एवढाच प्रश्न. माझ्या मनात चार इंच पक्कं होतं. चित्रांत बघून बघून डोळ्याला तसलीच गाडी गोड लागायला लागली होती. आमच्या समोर ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात, त्यांनी तरुणपणी अशा दोन गाड्या बांधल्या होत्या. ते कॉफीचा मग घेऊन आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, अडीच. चार म्हटल्यावर हसले. म्हणाले, तू चित्र बांधतोयस की गाडी?

मग चिकटपट्टीचा खेळ. खांबांवर जेवढा पत्रा जाणार तेवढी निळी पट्टी लावायची, तीस पावलं मागे जाऊन फोटो काढायचा, तो छापायचा, पट्टीचा भाग कात्रीने कापून वरचा तुकडा खाली चिकटवायचा. जेवणाच्या टेबलावर अशा आठ-दहा गाड्या पडल्या होत्या. चार इंचांची गाडी डोळ्यांवर टोपी ओढून झोपलेल्या माणसासारखी दिसत होती. खिडक्या राहिल्याच नव्हत्या, नुसत्या फटी. मॉडेल ए मुळात उंच आणि अरुंद गाडी. टप फार खाली आला की खालचं धड उलट जास्तच उंच वाटायला लागतं. रॅट रॉड म्हणून मुद्दाम गंजलेल्या, खिडक्यांच्या फटी केलेल्या गाड्या बांधतात, त्यांत मला हाच दोष दिसतो. ज्याला आवडतं त्याने करावं, पण माझ्यासाठी चार गेलं. साडेतीनही गेलं. तीनवर मी अडलो, अडीचवर समोरचे आजोबा.

त्यांनीच तोडगा काढला. पावणेतीन काप, टप बसव, चार दिवस बघ. अजून हवं असेल तर पाव इंच कधीही काढता येईल. कापलेला पत्रा मात्र परत उगवत नाही.

कापण्याआधीचं काम कापण्याहून मोठं निघालं. बॉडी चासीला बोल्टांनी आवळली. आत एक इंची चौकोनी पाइपचे आधार वेल्ड केले, म्हणजे टप उचलल्यावर खालचं धड फाकायला नको. ओळंबा सोडला, खांबाखांबावर दोन-दोन रेघा मारल्या. कटिंग व्हील स्वतः मिलिमीटरभर पत्रा खातं, म्हणून व्हील रेघेच्या आत, टाकून द्यायच्या पट्टीवर चालवायचं. हे अण्णांच्या शेडात शंभरदा ऐकलेलं. काचेचे खांब दोन, दारामागचे दोन, मग छोट्या खिडकीच्या मागचा पत्रा पाठीला वळसा घालून पार दुसऱ्या बाजूपर्यंत. दारांच्या चौकटी वेगळ्या. शनिवारी सकाळी नऊला पहिला काप घेतला, दुपारी तीनला मी आणि मुलाने टप दोन्हीकडून धरून उचलला. वजन काहीच नव्हतं. मॉडेल एच्या टपाचा मधला भाग पत्र्याचा नसतोच, तिथे लाकडाच्या कमानींवर कापड ताणलेलं असतं. कडेची नुसती चौकट हातात आली.

टप बसवला, खांबांना वेल्डिंगचे टाके मारले, डावं दार लावलं, बसलं. उजवं बसेना. वरच्या मागच्या कोपऱ्यात घासत होतं, खाली बोट जाईल एवढी फट. बिजागरी सैल केली, आवळली, ग्राइंडर हातात घेतला आणि खाली ठेवला. रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे रविवार सकाळी, अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल गाडीभोवती फिरवला. ते चहा पीत बघत होते.

"कर्ण मोजलास काय?"

"कसले कर्ण, अण्णा?"

"टपाचे रे. ह्या कोपऱ्यापास्नं त्या कोपऱ्यापतोर, आनि उलटं. टप पिळलाय त्यो. दाराला कशाला शिव्या घालतोस?"

मोजले. दोन कर्णांत तीन अष्टमांश इंचाचा फरक. खालच्या धडाला आधार दिले होते, टपाला दिलेच नव्हते. उचलताना चौकट समांतरभुज झाली आणि तशीच आम्ही डकवली. बारा टाके परत कापले. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना ट्रकवर माल आवळायचा पट्टा लावून क्लिक-क्लिक करत ओढत गेलो. कर्ण सारखे झाले आणि दार खाटकन बसलं. अण्णा तोवर कॉल चालू ठेवून अंघोळीला गेले होते.

टप खाली आल्यावर खांबांची वरची-खालची तोंडं तंतोतंत जुळत नाहीत, कारण खांब वर जाताना थोडे कललेले असतात. मॉडेल एचे खांब बऱ्यापैकी उभे, म्हणून माझं पाव इंचावर भागलं. मागच्या पत्र्याला दोन चिरा देऊन तो आत ओढला. गाड्यांचं रूप बदलून देणाऱ्या बॅरिस बंधूंनी बॉब हिरोहाता या गिऱ्हाइकाची १९५१ ची मर्क्युरी गाडी केली तेव्हा त्यांनी दोन खिडक्यांमधला खांबच काढून टाकला आणि टपाचा आकार नव्याने घडवला. तो गोलाई असलेला टप नुसता बघितला तरी मला घाम फुटतो.

वेल्डिंगचं फार सांगण्यासारखं नाही. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मग थांबायचं. घाई केली की पत्र्याला लाटा येतात.

सांधे मात्र मी पुट्टीने नाही, शिशाने भरले. १९५२ मध्ये प्लॅस्टिकची पुट्टी कुणाकडे होती? आधी पत्रा चकचकीत घासायचा, त्यावर फ्लक्स लावून कथलाचा पातळ थर पसरायचा. फडक्याने पुसताना पत्रा एकदम रुप्यासारखा उजळला आणि माझा हात थांबला. ही तर कल्हई. आमच्या गल्लीत कल्हईवाला भाता मारून पातेलं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायचा, तेच. पुढे शिसं-कथलाची कांडी ज्योतीखाली धरली की ती एकदम वितळत नाही, आधी लोण्यासारखी मऊ होते. त्या मधल्या अवस्थेत लाकडी पट्टीने ती थापायची. पट्टीला चरबी चोळलेली, म्हणजे चिकटत नाही. जरा जास्त तापलं की सगळं घरंगळून जमिनीवर. पहिल्या दिवशी माझं निम्मं शिसं बुटावर गेलं. घासायचं कानशीनेच, ग्राइंडर लावला तर शिशाची धूळ श्वासात जाते. मास्क लावून, मुलाला बाहेर काढून तीन शनिवार-रविवार कानस चालवली.

मागच्या खिडकीवरून समोरच्या आजोबांशी माझं खरं भांडण झालं. पट्टी खिडकीतूनच कापली तर मागची काचही पावणेतीन इंच बुटकी होते, टपालपेटीच्या फटीसारखी. त्यांच्या मते तीच खरी रीत. मी पट्टी खिडकीच्या खालून काढली आणि काच मूळ उंचीची ठेवली. मला आरशात मागचा रस्ता हवा होता, आणि खरं सांगायचं तर पाठीवरची ती मोठी चौकोनी खिडकीच या गाडीचा चेहरा वाटते मला. ते दोन आठवडे कॉफी घेऊन आले नाहीत. आले तेव्हा पाठीमागे बराच वेळ उभे राहिले आणि टायरबद्दल बोलायला लागले.

बाकीचे निर्णय पटापट झाले. दाराच्या मुठी गुळगुळीत करून टाकायची फॅशन आहे. मी मुठी ठेवल्या. पुढे १९३२ ची जाळी, मागे १९३९ चे थेंबासारखे टेल लाइट, खाली वाकवलेला पुढचा ॲक्सल. टपाचा मधला भाग पत्र्याने बुजवा असं बरेच जण म्हणाले, मी नव्या लाकडी कमानी घालून काळं कापडच ताणलं. पावणेतीनचं तीन करायचं राहूनच गेलं. टाके पक्के करायच्या आधी दोन संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर बसून बघितलं. दुसऱ्या संध्याकाळी बायको शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आता हात लावू नका हिला."

काचवाल्याने एक काम वाचवलं. मी बाजूच्या काचा ऑनलाइन मागवून कापून घेणार होतो. त्याने कोपऱ्यातला शिक्का बघितला आणि सांगितलं, ही टफन्ड आहे, कापायला गेलो तर हिचे खडे होतील. मग लॅमिनेटेड काच आणून त्याने दोन्ही बाजूंनी ओरखडा काढला, तोडली आणि मधलं प्लॅस्टिक पात्याने कापलं. सगळ्या काचा सपाट असल्याचा हा एक फायदा.

गाडी आता रस्त्यावर आहे. एक गोष्ट मात्र कुणीच आधी सांगितली नव्हती. इथले सिग्नल रस्त्याच्या वर, उंच दांडीवर टांगलेले असतात. पहिल्या नंबरावर थांबलं की टपाची कड बरोबर दिव्याच्या आड येते. मी स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून बघायचा प्रयत्न करतो, तरी दिसत नाही. मग बायको खिडकीतून डोकं बाहेर काढून वर बघते आणि मागचे हॉर्न वाजायच्या आत सांगते, "अहो, पडला हिरवा."