पहिली-दुसरीच्या वर्गात सहसंवेदनेचे खेळ : माझा अनुभव

बीड जिल्ह्यातील ज्या जिल्हा परिषद शाळेत मी पहिली आणि दुसरीचे वर्ग एकत्र शिकवते, तेथील बरीच मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, वर्गात परततात. परतलेल्या मुलांना अक्षरे आठवत नाहीत यापेक्षा गावात राहिलेली मुले त्यांना सतरंजीवर शेजारी बसू देत नाहीत, ही गोष्ट मला अधिक बोचत असे. मिळून-मिसळून वागावे असे सांगितले की सगळा वर्ग एका सुरात ‘होय बाई’ म्हणतो आणि पुढच्या क्षणी कोणीतरी कोणाचे तरी दप्तर ढकलतो. म्हणून सहसंवेदना, म्हणजे दुसऱ्याच्या मनातले ओळखून त्याची काळजी वाटणे, हा विषय खेळांतून घ्यायचा असे मी ठरवले. पायाभूत स्तरासाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळातून शिकावे यावर भर असल्याने वरिष्ठांना समजावणे सोपे गेले. पालकांचे ‘खेळायला घरी अंगण आहे की’ हे म्हणणे मात्र बरेच दिवस ऐकावे लागले.

सुरुवात खडूच्या डब्यापासून केली. एका मुलाने खडू डब्यात ठेवून बाहेर जायचे, इतरांनी तो दप्तरात लपवायचा आणि मग आत आल्यावर तो मुलगा खडू कोठे शोधेल ते सांगायचे. १९८३ मध्ये विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी अशाच मांडणीची गोष्ट सांगून लहान मुलांना दुसऱ्याचा गैरसमज ओळखता येतो का, हे तपासले होते, आणि साधारण चार वर्षांनंतर ही समज येऊ लागते असे दिसले. माझ्या वर्गातील जवळजवळ सर्वांनी ‘डब्यात’ हे बरोबर उत्तर दिले. त्यातून एक गोष्ट मला स्पष्ट झाली : दुसऱ्याची चप्पल लपवून गंमत पाहणाऱ्या मुलालाही त्या दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे नेमके ठाऊक असते. कळणे आधीच होते. त्याची काळजी वाटणे बाकी होते.

त्यासाठी आंधळी कोशिंबीर थोडी बदलली. डोळे बांधलेल्या मुलाने कोणाला पकडायचे नाही. जोडीदाराने त्याचा हात धरून त्याला पटांगणातील विटा आणि पाण्याची बादली चुकवत पलीकडे न्यायचे. डोळे बांधलेले मूल अंधाराची भीती अनुभवते म्हणून ते शिकते, असा समज आहे. माझ्या पाहण्यात खरे शिक्षण हात धरणाऱ्याचे होते, कारण त्याला स्वतःच्या चालीने चालता येत नाही आणि सतत दुसऱ्याच्या पावलांकडे पाहावे लागते. खेळानंतर ‘कसे वाटले?’ असे विचारले की ‘छान’ एवढेच उत्तर येई. ‘जोडीदाराने तुझा हात कधी घट्ट धरला?’ असे विचारू लागले तेव्हा मुले थांबून आठवू लागली : विटांजवळ, कुत्रे भुंकले तेव्हा, कोणी हसले तेव्हा.

संगीत खुर्चीसाठी खुर्च्या नव्हत्या, त्यामुळे जुनी वर्तमानपत्रे जमिनीवर पसरली आणि थाळी वाजवली. प्रत्येक फेरीत एक कागद कमी होई, पण कोणीही बाद होत नसे. उरलेल्या कागदांवर सर्वांनी मावायचे. आधी दांडगी मुले मध्यभागी उभी राहत आणि बारकी कडेने घसरत. मग लहानांना आत घेऊन मोठ्यांनी बाहेरून कडे करायचे, हे त्यांचे त्यांनाच सुचले. एका मुलीला अंगाला अंग लागलेले सहन होत नसे. तिच्याकडे मी थाळी दिली. ‘तिला का नाही आवडत?’ हा मुलांचा प्रश्न आणि ‘मला गुदमरतं’ हे तिचे उत्तर यांसाठीच तो तास सार्थकी लागला, असे मी मानते.

खरी कसोटी हंगामानंतर लागली. ऊसतोडीवरून परतलेल्या एका मुलाला वर्गाने यंदा हौसेने शिवाशिवीत घेतले, पण त्याला सवय नसेल म्हणून ‘कच्चा लिंबू’ ठरवले, म्हणजे त्याला कोणी शिवले तरी त्याच्यावर राज्य येणार नव्हते. मुलांच्या दृष्टीने हा चांगुलपणा होता. तो मुलगा मात्र रागाने खेळ सोडून ओट्यावर जाऊन बसला. गोलात बसून बोलताना तो म्हणाला, ‘मी तिकडं रोज पळतो. माझ्यावर पण राज्य येऊ द्या.’ आपण भले केले आणि तरी तो दुखावला, हे कोडे सहा-सात वर्षांच्या मुलांना अवघड होते. मी उत्तर न सांगता त्यांना वाद घालू दिला, आणि मधली सुट्टी त्यात गेली. शेवटी दुसरीतील एका मुलीने नियम सुचवला की कच्चा लिंबू करण्याआधी ज्याला करायचे त्याला विचारायचे. तो नियम वर्गात अजून पाळला जातो; अंगणवाडीतून डोकावणारी धाकटी भावंडे मात्र न विचारताच कच्चा लिंबू ठरतात, आणि त्यावर अजून कोणी तक्रार केलेली नाही.